फिरंगाण

पेशवाईतल्या कागदांत वसईचा उल्लेख आला की पुष्कळदा जवळच ‘फिरंगाण’ सापडते. पोर्तुगीज ज्याला ‘उत्तर प्रांत’ म्हणत, तो दमणपासून चौलपर्यंतचा किनारा म्हणजे मराठ्यांचे फिरंगाण. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई दिली आणि पुढे या प्रांताचा लष्करी अधिकारी, ‘उत्तरेचा जनरल’, तिथल्याच कोटात बसू लागला.

शब्दाचे मूळ मात्र लिस्बनला नाही, ऱ्हाइनकाठी आहे. तिथली फ्रँक ही जर्मन जमात. धर्मयुद्धांच्या काळात अरबांनी पश्चिम युरोपातल्या झाडून सगळ्यांना ‘फिरंज’ म्हटले, फारसीत त्याचे ‘फरंग’ झाले. आपण त्यातून ‘फिरंगी’ माणूस घेतला, ‘फिरंग’ ही सरळ पात्याची तलवारही घेतली, आणि ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथाने तर एका रोगालाच ‘फिरंगरोग’ म्हटले!

शेवटचे ‘आण’ प्रदेश दाखवते. हबशांचे, म्हणजे जंजिरेकर सिद्दीचे, ते हबसाण. एकाच किनाऱ्यावर दोन परके, दोघांना एकाच साच्यातले नाव. दफ्तरी कारकुनाची ही काटकसर मला फार आवडते.

१७३७ मध्ये अर्नाळ्याचा किल्ला पडला, मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. मग फिरंगाणाचा वसई सुभा झाला.