बर्फ का टिकला?

चैत्रात पन्ह्याच्या पेल्यात बर्फाचा खडा टाकला, की बघता बघता तो विरघळतो. मग वाचकहो, १८३३ साली बर्फ भरलेले जहाज अमेरिकेहून थेट कलकत्त्यास आले, हे तुम्हाला खरे वाटेल काय?

पण ते खरे आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने ‘टस्कनी’ जहाजात १८० टन बर्फ भरला. प्रवास चार महिन्यांचा, विषुववृत्त दोनदा ओलांडायचे! तरीही सप्टेंबरात कलकत्त्याला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता.

बर्फाभोवती जाड वेष्टण होते, हे एक कारण. दुसरे खुद्द बर्फातच आहे. ते १७६१ च्या सुमारास ग्लासगोत जोसेफ ब्लॅकने शोधले. दोन सारखी भांडी. एकात बर्फागत गार पाणी, दुसऱ्यात बर्फ. पाणी अर्ध्या तासात सात अंश फॅरनहाइट चढले. बर्फाला वितळून तेथवर यायला साडेदहा तास लागले! मग मधली उष्णता गेली कुठे? घनाचा द्रव करण्यातच ती खर्ची पडली. तापमापकाला ती दिसत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला जी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ८० अंश सेल्सियसपर्यंत तापेल.

ट्यूडरच्या धंद्याला हाच आधार होता. पुढे यंत्रे बर्फ करू लागली आणि तो व्यापार मावळला. मद्रासच्या किनाऱ्यावरचे त्याचे ‘आइस हाऊस’ मात्र आजही उभे आहे. बर्फ गेला, नाव काही वितळले नाही.