मुक्या रिळांच्या अभ्यासाकडे

रॉक संगीताचा इतिहास आजवर लिहिला गेला तो मुख्यतः ध्वनिमुद्रिका, मुलाखती आणि कंपन्यांनी काढलेल्या चित्रपटांच्या आधारे. गर्दीतल्या कुणीतरी हातातल्या छोट्या कॅमेऱ्याने टिपलेली रिळं 'चाहत्यांचा नाद' म्हणून बाजूला पडली. याच नादी मंडळींनी ती जपली, एकमेकांना दिली, तपासली आणि त्यातून एक अभ्यासविषय उभा राहिला. त्यात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे.

सुरुवात लेड झेपलिनपासून करावी. एवढा गाजलेला बँड, पण टीव्हीपासून फटकून राहणारा. १९७० चा रॉयल अल्बर्ट हॉल, १९७३ चं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, १९७५ चं अर्ल्स कोर्ट, १९७९ चं नेबवर्थ असे मोजकेच कार्यक्रम मोठ्या कॅमेऱ्यांनी नीट टिपले. मधल्या असंख्य रात्रींचं जे काही डोळ्यांना दिसतं, ते बहुतांशी प्रेक्षकांच्या कृपेने.

कोडॅकने १९६५ मध्ये सुपर ८ फिल्म बाजारात आणली. पन्नास फुटांचं एक कार्ट्रिज, सेकंदाला १८ फ्रेम या वेगाने, ३ मिनिटं २० सेकंदांत संपे. आणि सहसा आवाज नाही. बँड मात्र तीन-तीन तास वाजवायचा. म्हणजे बटण कधी दाबायचं आणि कधी सोडायचं, हे अंधारात, धक्के खात ठरवायचं. त्यामुळे गाणं मध्येच तुटतं आणि कित्येकदा गायकापेक्षा पुढच्या रांगेतली झुलपंच जास्त दिसतात, हे आधीच सांगून ठेवतो. पण माझ्या मते या रिळांचं खरं मोल या काटकसरीतच आहे. व्यावसायिक चित्रपटात दिग्दर्शकाने आपल्याला काय दाखवायचं ठरवलं ते दिसतं; इथे तिकीट काढून आलेल्या एका माणसाला कोणता क्षण सोडवला नाही, ते दिसतं.

अशा रिळाची तारीख ठरवायची कशी? आधी ड्रम बघायचे. लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बोनम याचा पारदर्शक केशरी संच दिसला तर काळ १९७३ ते १९७५. लखलखीत स्टीलचा असेल तर १९७७ किंवा नंतरचा. मग फिल्मची कड. कोडॅक तिथे वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापत असे. त्यांतून फिल्म तयार झाल्याचं वर्ष कळतं, कार्यक्रमाचं नव्हे. शिवाय त्याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात. नवखे इथेच फसतात.

सगळ्यात किचकट काम आवाज जोडण्याचं. त्याच रात्री दुसऱ्याच प्रेक्षकाने चोरून केलेली टेप मिळवायची, गिटारवरच्या बोटांवरून गाणं ओळखायचं आणि ड्रमवर काठी पडते ती फ्रेम ठोक्याशी जुळवायची. कॅमेऱ्याचा वेग स्थिर नसतो, टेपचाही नसतो. म्हणून जोडलेला आवाज हा पुरावा नसून जोडणाऱ्याचा अंदाज असतो, हे पाहणाऱ्याने धरूनच चालावं. अधिकृत प्रकाशनांनाही यातून सूट नाही. २००३ च्या लेड झेपलिन डीव्हीडीत एका गाण्याचं चित्र १९७२ च्या सिडनीचं, तर आवाज त्याच वर्षीच्या लाँग बीचचा आहे. त्याच डीव्हीडीत चाहत्यांची चित्रफीतही ठिकठिकाणी वापरली आहे, ही गंमत वेगळीच.

संस्थांचं लक्ष इकडे उशिरा वळलं. १९६९ च्या आल्टामाँट इथल्या रॉक मैफलीचं कुणीतरी केलेलं मूक चित्रण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. ते रीळ लॅबमधून न्यायला मालक कधी आलाच नव्हता. हक्क कुणाचा, हा प्रश्न या क्षेत्रात असा पदोपदी येतो. कॅमेरा चाहत्याचा, सूर बँडचा. विकणं आणि वाटणं यांत फरक करावा, एवढं माझं मत.

जाता जाता मुंबईबद्दल. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ मध्ये इथे आले होते. स्थानिक वादकांबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रण केलं आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क या नाइटक्लबमध्ये वाजवलंही. तेव्हाच्या रॉक कार्यक्रमांना जाणाऱ्या कुणाच्या घरी आठ मिलिमीटरची रिळं पडून असतील, तर ती जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका, आकसलेली फिल्म तुटते. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ते रीळ इतरांपासून वेगळं ठेवा आणि लवकरात लवकर स्कॅन करून घ्या. डब्यावर काही खरडलेलं असेल, तर तो डबाही फेकू नका.