तळाशी उमटलेले नाव : रोझेन्थालच्या पांढऱ्या फुलदाण्यांची गोष्ट

युरोपातील जुन्या वस्तूंच्या बाजारांत १९६० आणि १९७० च्या दशकांतील पांढऱ्याशुभ्र, बाहेरून झिलई नसलेल्या पोर्सेलिनच्या फुलदाण्या हमखास आढळतात. त्यांवर फूल नाही, पान नाही, सोनेरी किनार नाही. आहे तो केवळ उठाव : लाटा, कंगोरे, घड्या, एकमेकींत शिरणाऱ्या चौकटी. तिरपे ऊन पडले की उमटणाऱ्या सावल्या हेच त्यांचे नक्षीकाम. संग्राहक अशी फुलदाणी हाती घेतो, ती प्रथम उलटी करतो आणि तळाचा शिक्का पाहतो. तेथे पुष्कळदा बव्हेरियातील एका गावाचे नाव असते, झेल्ब. आणि त्यासोबत एका घराण्याचे, रोझेन्थाल.

या नावाची कथा साधी नाही.

फिलिप रोझेन्थाल यांनी १८७९ मध्ये झेल्बजवळच्या एर्कर्सरॉइट येथे उद्योग सुरू केला, तेव्हा त्यांच्यापाशी भट्टी नव्हती. दुसऱ्या कारखान्याची कोरी पांढरी भांडी विकत घ्यायची, त्यांवर चित्रे रंगवायची आणि विकायची, एवढाच व्याप. पुढे स्वतःचे कारखाने उभे राहिले, नाव जगभर गेले. घराणे मूळचे ज्यू. फिलिप यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला होता. पण नाझी राजवटीला धर्मांतराशी कर्तव्य नव्हते, तिला वंश मोजायचा होता. १९३४ मध्ये वृद्ध संस्थापकाला स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावे लागले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. माणूस घालवला, नाव मात्र परदेशी बाजारात चलनासारखे चालत होते, म्हणून ते ठेवून घेतले! त्या काळातील भांड्यांच्या तळाशीही ‘रोझेन्थाल’ असेच छापलेले आढळते. हा शिक्का पाहताना संग्राहकाने वर्ष विसरू नये, ते याचसाठी.

मुलाचे नावही फिलिपच, जन्म १९१६ चा. तो इंग्लंडला गेला, ऑक्सफर्डमध्ये शिकला. युद्ध पेटल्यावर नाझींविरुद्ध लढण्यासाठी फ्रान्सच्या फॉरिन लीजनमध्ये भरती झाला. फ्रान्सच्या पाडावानंतर उत्तर आफ्रिकेत अडकला आणि अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर तेथून निसटला. १९५० मध्ये तो वडिलांच्या कंपनीत जाहिरात विभागात रुजू झाला. १९५८ मध्ये तो प्रमुख झाला आणि १९६१ मध्ये त्याने ‘स्टुडिओ-लिनिए’ ही मालिका सुरू केली. यातील कल्पना धाडसी होती : कोणती कलाकृती उत्पादनात घ्यायची याचा निर्णय विक्री विभागाने नव्हे, तर बाहेरच्या जाणकारांच्या मंडळाने घ्यायचा. फिनलंडचे टापिओ विर्काला, डेन्मार्कचे ब्यर्न वीनब्लाड, जर्मनीचे मार्टिन फ्रायर अशी माणसे तिच्याशी जोडली गेली. विर्काला यांच्या ‘व्हेरिएशन’ या १९६२ च्या भांड्यांवरील बारीक उभ्या रेघा पाहिल्या, तर रंगाशिवाय पृष्ठभाग बोलका कसा होतो, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

उठाव दिसायला सोपा, करायला कठीण. (मराठीत आपण लोणच्याच्या बरणीपासून कपबशीपर्यंत सगळ्यालाच चिनीमाती म्हणतो, पोर्सेलिन ही त्यातील सर्वांत नखरेल जात.) केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचे पातळ मिश्रण प्लास्टरच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेते, आतल्या कडेला मातीचा थर जमतो, उरलेले मिश्रण ओतून टाकतात. खोबणी फार आत वळली, तर साचा सुटत नाही. म्हणून त्याचे अनेक तुकडे करावे लागतात आणि प्रत्येक सांध्याची रेघ हाताने घासावी लागते. वारंवार वापरून प्लास्टर झिजते व कंगोरे बोथट होतात. सुमारे १४०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भांडे साधारण सहाव्या हिश्श्याने आक्रसते. झिलईचा थर बारीक धारा बुजवतो, म्हणून बाहेरची बाजू कोरडी ठेवतात; पाणी राहावे म्हणून झिलई आतून देतात.

याच कंपनीसाठी वॉल्टर ग्रोपियस यांनी झेल्ब येथे रोथब्यूल कारखान्याची वास्तू रचली. ती १९६७ मध्ये सुरू झाली. बाउहाउस ही कलाशाळा स्थापणारे ग्रोपियस स्वतः १९३४ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला गेले होते. त्यांनी कामगारांसाठी कारखान्याच्या मधोमध काचेचे हरितगृह ठेवले आणि त्यात फ्लेमिंगो पक्षी सोडले गेले. ज्या देशाने दोघांनाही परके ठरवले, त्याच देशात या दोघांनी भिंती उभारल्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्विकार पांढऱ्या भांड्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ग्रोपियस १९६९ मध्ये वारले. त्याच वर्षी त्यांच्या कार्यालयाच्या नावाचा ‘टॅक’ चहासंच बाजारात आला.

या फुलदाण्यांना मागणी येताच काइझर, हाइनरिश, हुट्शेनरॉयटर आदी बव्हेरियन कारखान्यांनीही तशाच उठावाच्या फुलदाण्या काढल्या. त्यांतील कित्येक उत्तम आहेत. पण पुष्कळांवर कलाकाराचे नाव नसते आणि विक्रेते सर्रास ‘फ्रायर’ म्हणून खपवतात. स्वाक्षरी नसेल तेथे किंमत वस्तूची द्यावी, नावाची नव्हे. कंगोऱ्यांवरून बोट फिरवावे, कपची उडालेली जागा डोळ्याआधी बोटाला सापडते. कोरडा पृष्ठभाग हातांचा तेलकटपणा धरतो. तो कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने हलकेच काढावा. आणि शिक्का पुन्हा एकदा भिंगाखाली पाहावा : त्यावर आडवा ओरखडा असेल, तर ती फुलदाणी कारखान्यानेच दुय्यम प्रतीची म्हणून बाजूला काढलेली असते.