उंबरठा आणि जामीन

भाड्याच्या घरासाठी माणसाला दोन प्रकारचे पैसे मोजावे लागतात. एक दरमहा भाड्याचे, आणि दुसरे घरात पाऊल टाकण्यापूर्वी अनामतीचे. पहिला खर्च सर्वांना दिसतो. दुसरा एकदाच येतो, आणि ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत त्याला तो फारसा जाणवत नाही. परंतु ज्याची हातातोंडाची गाठ कशीबशी पडते, त्याच्यापुढे तोच खर्च डोंगरासारखा उभा राहतो. ‘डिपॉझिट’ आणि ‘पागडी’ हे शब्द मुंबई-वसईच्या आपल्या वाचकांना परके नाहीत. नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. नागरिकाची जन्मापासून मृत्यूपर्यंत काळजी वाहण्याचे वचन ज्या ब्रिटनने दिले, तेथेही शासकीय भत्त्यावर जगणारा गरीब या एका रकमेपायी दाराबाहेर राहतो. असे का झाले आणि त्यातून वाट कोणी काढली, याचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्लासगो शहरात जहाजबांधणीच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांकडे कामगारांची रीघ लागली. घरे अपुरी पडली आणि मालकांनी भाडी चढवली. तेव्हा मेरी बार्बर या गृहिणीच्या पुढाकाराने गोव्हन भागातील स्त्रियांनी वाढीव भाडे देण्याचे साफ नाकारले. नोव्हेंबर १९१५ पर्यंत सुमारे २०,००० भाडेकरू या लढ्यात उतरले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा करून भाडी गोठवली. शिवाय घर देण्यासाठी भाड्याखेरीज वेगळी रक्कम उकळण्यासही मनाई केली. युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा असाच कायदा १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातही आला. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा ठरवला. तरीही पागडी थांबली नाही. ती पावतीवाचून चालू राहिली. कायद्याने भाड्याला लगाम घातला, पण घरांची टंचाई कायम राहिली. मग भाड्यात न मिळणारे पैसे दारातच मागितले जाऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, डिसेंबर १९४२ मध्ये, सर विल्यम बेव्हरिज यांनी आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. ब्रिटनमधील कल्याणकारी राज्याचा पाया त्यावरच रचला गेला. त्या अहवालात ‘भाड्याचा प्रश्न’ हा स्वतंत्रपणे हाताळलेला विषय आहे. अन्नवस्त्राचा खर्च देशभर साधारण सारखाच, भाडे मात्र गावोगावी निराळे. मग सर्वांना सारखा भत्ता द्यायचा कसा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर बेव्हरिज यांनाही सापडले नाही. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय साहाय्य कायदा अमलात आला आणि सुमारे साडेतीन शतकांचा जुना दरिद्री कायदा इतिहासजमा झाला. नव्या व्यवस्थेत गरजू माणसाचे भाडे त्याच्या साप्ताहिक साहाय्यात धरले जाऊ लागले. त्याच सुमारास नगरपालिकांनी लाखो घरे बांधली. तेथे अनामतीपेक्षा प्रतीक्षायादीतल्या क्रमांकाला महत्त्व होते. चालू भाड्याची सोय झाली. पण ज्याला नगरपालिकेचे घर मिळाले नाही, त्याने खाजगी मालकाचा उंबरठा कसा ओलांडावा, याचा विचार मागेच राहिला.

ही उणीव प्रथम ओळखणाऱ्यांत प्रापंचिक कॅथॉलिक होते, याची नोंद आपण घेतली पाहिजे. लेखिका आणि प्रकाशिका मेझी वॉर्ड यांनी १९५६ मध्ये ‘कॅथॉलिक हाउसिंग एड सोसायटी’ स्थापन केली. कष्टकरी कुटुंब महिन्याचा हप्ता भरू शकते, मात्र सुरुवातीची रक्कम त्याच्याजवळ नसते, हे या मंडळींच्या ध्यानात आले आणि तेथेच त्यांनी हात दिला. दहा वर्षांनी, १ डिसेंबर १९६६ रोजी, ‘शेल्टर’ ही संस्था जन्मास आली. तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या पाच संस्थांपैकी एक ही सोसायटी होती. त्याआधी पंधराच दिवस, १६ नोव्हेंबर रोजी, बी.बी.सी.ने ‘कॅथी कम होम’ हे केन लोच दिग्दर्शित नाट्य दाखवले होते. बेघर होत जाणाऱ्या तरुण जोडप्याची ती कहाणी पाहून सारा देश हळहळला. मेझी वॉर्ड यांची सोसायटी २००३ मध्ये चर्चच्या दुसऱ्या एका गृहनिर्माण मंचात विलीन झाली आणि ‘हाउसिंग जस्टिस’ या नावाने तिचे काम पुढे चालू राहिले.

अनामतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने तीव्र झाला तो १९८० नंतर. त्या वर्षीच्या कायद्याने नगरपालिकेच्या भाडेकरूंना आपापली घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. अनेकांचे भले झाले, परंतु विकलेल्या घरांच्या जागी तितकी नवी घरे उभी राहिली नाहीत. मग नऊ महिन्यांच्या अंतराने दोन बदल आले. एप्रिल १९८८ मध्ये गरजूंना एकरकमी मिळणारी अनुदाने बंद होऊन त्यांच्या जागी ‘सोशल फंड’ आला. त्यातून बहुतेक मदत कर्जाच्या रूपाने मिळे आणि तिची वसुली साप्ताहिक भत्त्यातून होई. आगाऊ भाड्यासाठी असे कर्ज मिळू शके. अनामत मात्र नियमांनीच वगळली होती. १५ जानेवारी १९८९ पासून नव्या खाजगी भाडेकरारांवरील भाडेनियंत्रण उठले, आणि अल्प मुदतीचे करार व अनामत यांची रीत रूढ झाली. एकीकडे शासन घरभाड्याचा भत्ता देत होते, दुसरीकडे तो भत्ता ज्या घरासाठी वापरायचा त्या घराची किल्ली मिळवण्याचे पैसे देत नव्हते. घराबाहेर राहिलेल्याला भाड्याच्या भत्त्याचा काय उपयोग?

या कोंडीतून वाट काढली ती सेवाभावी संस्थांनी आणि काही नगरपालिकांनी. १९९० च्या दशकात ठिकठिकाणी ‘रेंट डिपॉझिट’ योजना उभ्या राहिल्या. ‘क्रायसिस’सारख्या संस्थेने त्यांचा हिरिरीने प्रसार केला. काही योजना रोख अनामत भरत. परंतु अनेकांनी अधिक शहाणपणाचा मार्ग निवडला: त्या जामीन राहिल्या. घरमालकाला रोख रकमेऐवजी लेखी हमी मिळे. भाडेकरूने नुकसान केले किंवा भाडे थकवले, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरपाई संस्था करील, असे त्यात लिहिलेले असे. घरात शिरण्यापूर्वी भिंती, दारे, सामान यांची यादी दोन्ही पक्षांसमक्ष केली जाई, म्हणजे पुढे वादाला जागा उरत नसे. भाडेकरू थोडेथोडे बचत करून स्वतःची अनामत उभी करू शके. हमीचा पैसा प्रत्यक्षात मोजावा लागला नाही, तर तोच निधी पुढच्या कुटुंबाच्या कामी येई.

शासनालाही हळूहळू जाग आली. २००१ मध्ये नगरपालिकांना विवेकाधीन गृहसाहाय्य देण्याचा अधिकार मिळाला आणि भाड्याचा भत्ता घेणाऱ्यांना त्यातून अनामतीसाठीही मदत मिळू लागली. ती हक्काची नव्हती. निधी असेल आणि अधिकाऱ्यांना पटले तरच मिळे. ६ एप्रिल २००७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये घरमालकांना अनामत शासनमान्य योजनेत सुरक्षित ठेवणे बंधनकारक झाले. त्यामुळे एका घराची रक्कम परत मिळून दुसऱ्या घरासाठी वापरता येण्याची शक्यता वाढली. १ जून २०१९ पासून इंग्लंडमध्ये सर्वसाधारण घरांच्या अनामतीला पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आली. तरी हिशेब करून पाहा. महिन्याला १,००० पौंड भाडे असेल, तर पाच आठवड्यांची अनामत सुमारे १,१५४ पौंड होते. २०२४-२५ मध्ये पंचवीस वर्षांवरील एकट्या माणसाला ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मधून घरभाड्याखेरीज निर्वाहासाठी दरमहा ३९३.४५ पौंड मिळत. म्हणजे अनामत भरायची तर त्याने जवळजवळ तीन महिने अन्नाचा कणही घेऊ नये! शिवाय नव्याने अर्ज करणाऱ्याच्या हाती पहिला भत्ता पडायलाच सुमारे पाच आठवडे लागत.

पैशाइतकाच अविश्वासही आडवा आला. घरांच्या जाहिरातींत ‘डी.एस.एस. नकोत’ असे छापले जाई. ही सामाजिक सुरक्षा खात्याची आद्याक्षरे. ते खाते २००१ मध्येच बंद झाले, तरी भत्ता घेणाऱ्यांना हाकलण्यासाठी त्याचे नाव मागे उरले. जुलै २०२० मध्ये यॉर्कच्या न्यायालयाने अशी सरसकट मनाई बेकायदेशीर ठरवली. तिचा फटका प्रामुख्याने स्त्रियांना आणि अपंगांना बसतो, हे त्यामागचे कारण. इंग्लंडसाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या भाडेकरू हक्क कायद्याने हा भेदभाव स्पष्ट शब्दांत निषिद्ध केला आणि आगाऊ भाड्यावर एका महिन्याची मर्यादा घातली. अनामत मात्र राहिलीच.

शंभर वर्षांच्या या इतिहासातून आम्हांला एक गोष्ट ठळकपणे दिसते. कायद्याने भाडे रोखले, भत्ता दिला, भेदभाव निषिद्ध केला, आणि या प्रत्येकाची गरज होतीच. तरीही दारापाशी अडलेल्या माणसाला आत नेले ते बहुधा त्याच्यासाठी जामीन राहणाऱ्या कोणीतरी. घरमालकाची भीती खोटी नसते. त्यालाही घराचे कर्ज फेडायचे असते. त्या भीतीचा भार जेव्हा तिसरा कोणी आपल्या खांद्यावर घेतो, तेव्हाच दोघांचे जमते.

वसईतल्या वाड्यांच्या आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तसे आपल्यापैकी अनेकजण भाडेकरूचे घरमालक झाले. आज आपल्या दारात कामाच्या शोधात आलेले कुटुंब उभे असते, आणि अनामतीचा आकडा सांगणारे आपण असतो. दुसरीकडे आपल्या धर्मग्रामांत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेचे कार्यकर्ते आहेत. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेली घरभेटीची परंपरा ते चालवतात. गरिबाचे घर, त्याची वागणूक, त्याची अडचण त्यांना कागदावरून नव्हे, प्रत्यक्ष ठाऊक असते. घरमालक आणि गरजू कुटुंब एकाच वेदीपुढे गुडघे टेकत असतील, तर त्यांच्यामध्ये जामीन राहण्यास धर्मग्रामाहून अधिक योग्य कोण? एक छोटा हमीनिधी, सामानाची एक स्वच्छ यादी आणि महिन्याकाठी एक भेट, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. धर्मग्राम परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय निघावा, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.