फुफ्फुसातील सार्कोमा: दुर्मिळ कॅन्सरचे निदान कसे होते?

छातीच्या एक्स-रेमध्ये मोठी गोल सावली दिसली की मुंबईत पहिला संशय टीबीचा येतो आणि दुसरा नेहमीच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचा. हे दोन्ही आजार खूप आढळतात, त्यामुळे संशय रास्तच असतो. क्वचित मात्र त्या सावलीमागे सार्कोमा निघतो.

स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा शरीराला आधार देणाऱ्या मऊ ऊतींपासून होणाऱ्या कॅन्सरला सार्कोमा म्हणतात. नेहमीचा फुफ्फुसाचा कॅन्सर, म्हणजे कार्सिनोमा, श्वासनलिका व वायुकोशांच्या अस्तरातून सुरू होतो. फुफ्फुसातच सुरू झालेल्या सार्कोमाचे प्रमाण फुफ्फुसाच्या सर्व कॅन्सरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. तो तरुणांना आणि कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही होऊ शकतो.

टीबी समजून वेळ जातो तेव्हा

समजा, वर्सोवा कोळीवाड्यातला तिशीतला एक खलाशी आहे. दोन महिने छातीत एका बाजूला दुखते, कोरडा खोकला आहे, ताप नाही. एक्स-रेत सावली आहे. थुंकीत टीबीचे जंतू सापडत नाहीत, तरी 'टीबीच असणार' म्हणून गोळ्या सुरू होतात. उदाहरण काल्पनिक आहे, पण हा क्रम आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. मासेमारीचा हंगाम बुडू नये म्हणून रुग्णालाही गोळ्या घेऊन कामावर जाणे सोयीचे वाटते.

माझे मत स्पष्ट आहे. टीबीचे जंतू सिद्ध झालेले नसताना गोळ्या सुरू केल्या असतील, तर दोन महिन्यांच्या आत छातीचा फोटो पुन्हा काढलाच पाहिजे. सावली तेवढीच असेल किंवा वाढली असेल, तर गोळ्या बदलत बसू नये. सीटी स्कॅन आणि बायोप्सीकडे वळावे. थुंकीतून रक्त पडणे, दम वाढणे किंवा वजन घटणे असल्यास तेवढेही थांबू नये.

गाठ मुळात कुठली?

सार्कोमाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. हातापायांत, पोटाच्या मागच्या भागात किंवा गर्भाशयात झालेला सार्कोमा रक्तावाटे फुफ्फुसात पसरणे हे फुफ्फुसातच सार्कोमा सुरू होण्यापेक्षा कितीतरी अधिक आढळते. म्हणून डॉक्टर मांडीवर कधी गाठ होती का, पूर्वी एखादी गाठ काढली होती का, असे विचारतात. गर्भाशयातला 'फायब्रॉइड' काढून दहा वर्षे झाली असली तरी तो सांगा आणि त्या वेळचा पॅथॉलॉजी रिपोर्ट शोधून आणा. फुफ्फुसात एकापेक्षा अधिक गोल गाठी असतील, तर त्या दुसरीकडून आल्याचा संशय बळावतो.

सीटी स्कॅनमध्ये गाठीचा आकार, तिची जागा, छातीच्या भिंतीशी व मोठ्या रक्तवाहिन्यांशी असलेला तिचा संबंध समजतो. पेट-सीटीने संपूर्ण शरीर पाहता येते. पण टीबीची गाठही पेटमध्ये चमकते, त्यामुळे नुसत्या 'चमकण्यावरून' कॅन्सर ठरत नाही.

फुफ्फुसाच्या मुख्य धमनीच्या आतल्या थरातून होणारा सार्कोमा फारच फसवा असतो. स्कॅनमध्ये तो रक्ताच्या गुठळीसारखा दिसतो. रक्त पातळ करणारी औषधे नीट घेऊनही 'गुठळी' विरघळत नसेल, उलट वाढत असेल, तर हा विचार करावा लागतो.

बायोप्सी: तुकडा पुरेसा हवा

थुंकीच्या तपासणीत सार्कोमाच्या पेशी सहसा सापडत नाहीत. गाठ श्वासनलिकेच्या बाहेर असेल तर ब्राँकोस्कोपीतही काही हाती लागत नाही. बारीक सुईने केलेल्या एफएनएसीत सुट्या पेशी मिळतात, ऊतीची रचना दिसत नाही. म्हणून गाठ बाजूला असेल तर सीटी स्कॅनच्या मदतीने जाड सुईने तुकडे घेतात. यात फुफ्फुसाभोवती हवा साठण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून नंतर काही तास देखरेखीखाली ठेवून पुन्हा एक्स-रे काढतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. सुईने पुरेसा नमुना मिळाला नाही तर दुर्बिणीतून किंवा शस्त्रक्रियेने घ्यावा लागतो.

एक बारीक पण मोलाची गोष्ट अशी की सगळे तुकडे फॉर्मेलिनमध्ये टाकले तर टीबीचे कल्चर करता येत नाही. एखादा तुकडा सलाइनमध्ये वेगळा पाठवायला हवा. 'टीबीसाठी नमुना पाठवला का?' असे नातेवाइकांनी विचारायला हरकत नाही.

पॅथॉलॉजिस्टचे काम

सूक्ष्मदर्शकाखाली लांबट पेशी दिसल्या म्हणजे सार्कोमाच, असे नाही. कार्सिनोमाचाही एक प्रकार अगदी तसाच दिसतो आणि फुफ्फुसात तोच अधिक आढळतो. त्यामुळे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली विशिष्ट प्रथिने रंगवून ओळखण्याची तपासणी करतात. केराटिन कार्सिनोमाकडे बोट दाखवते, डेस्मिन स्नायूकडे, स्टॅट-६ सॉलिटरी फायब्रस ट्यूमरकडे. पण सायनोव्हियल सार्कोमातही केराटिन दिसू शकते, म्हणून एका रंगावर निकाल देत नाहीत. सायनोव्हियल सार्कोमात एसएस-१८ या जनुकाची मोडतोड होऊन ते दुसऱ्या जनुकाला जोडले जाते, आणि फिश किंवा जनुकीय तपासणीत ती जोडणी सापडली की निदान पक्के होते. लहान मुलांत, विशेषतः पहिल्या पाच-सहा वर्षांत, प्लुरोपल्मोनरी ब्लास्टोमा होऊ शकतो. त्यात डायसर-१ जनुकातला दोष आनुवंशिक असू शकतो, म्हणून भावंडांचीही चौकशी होते.

या सर्वाला कधी दोन-तीन आठवडे लागतात. रिपोर्ट लांबला म्हणजे तपासणीत गडबड झाली असे समजू नका.

दुसरे मत घेताना

सार्कोमा पाहण्याचा सराव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून नमुना पुन्हा तपासून घ्यावा, कारण अशा फेरतपासणीत निदान बदलल्याची उदाहरणे आहेत. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि तिथे रोगानुसार तज्ज्ञांचे वेगवेगळे गट काम करतात. वर्सोव्याहून मेट्रोने अंधेरी, तिथून लोकलने प्रभादेवी आणि पूल ओलांडून परळ, असे जाता येते. जाताना फक्त रिपोर्ट नेऊन भागत नाही. बायोप्सी झालेल्या प्रयोगशाळेतून काचा आणि मेणाचे ठोकळे मागून घ्या. सीटी स्कॅनची सीडी, जुने एक्स-रे आणि टीबीच्या गोळ्या कधी सुरू केल्या त्याची तारीखही सोबत ठेवा.