एका चित्रदालनाचे पगारपत्रक

कलेचा इतिहास लिहिणारे विद्वान चित्रकाराचे नाव देतात, चित्राचे साल देतात, शैली कोणती ते सांगतात. ज्या भिंतीवर ते चित्र टांगले तिचे भाडे कोणी भरले, खिळा ठोकणाऱ्याच्या हाती काय पडले, रोज सकाळी दार उघडणाऱ्याचा पगार वेळेवर झाला की नाही, या गोष्टींचा उल्लेख त्या इतिहासात सहसा सापडत नाही. आमचे सारे आयुष्य हजेरीपट आणि पगारपत्रके वाचण्यात गेलेले असल्यामुळे आम्हांला हेच प्रश्न आधी सुचतात. आज ज्या लहानशा चित्रदालनाची हकीकत आम्ही सांगणार आहोत, तिच्याकडे आम्ही याच बाजूने पाहणार आहोत. त्या गावी आम्ही गेलेलो नाही. पण तेथे टांगलेली चित्रे आणि तेथल्या मंडळींनी काढलेले चित्रपट आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांतली माणसे आम्हांला परकी वाटली नाहीत.

इंग्लंडच्या ईशान्येस टाइन नदीच्या काठी न्यूकॅसल शहर वसले आहे. आसपासच्या खाणींतून कोळसा निघे, नदीकाठी जहाजे बांधली जात, आणि या दोन धंद्यांवर लक्षावधी संसार चालत. दुसऱ्या महायुद्धानंतर हे दोन्ही धंदे उताराला लागले. या शहरात नदीकडे उतरत जाणाऱ्या एका जुन्या रस्त्याचे नावच ‘साइड’ असे आहे. त्या रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत १९७७ साली ‘साइड गॅलरी’ या नावाने छायाचित्रांचे एक दालन उघडले. तिच्या जोडीला पन्नासेक खुर्च्यांचे एक चित्रपटगृहही होते. भिंतीवर छायाचित्रे पाहावीत आणि शेजारी बसून त्याच माणसांवरचे चित्रपट पाहावेत, अशी ती योजना होती.

हे दालन काढणारे मंडळ त्याहून जुने. १९६८ साली लंडनमधील रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या काही तरुणांनी ‘अँबर’ या नावाने ते स्थापन केले. मरे मार्टिन हे त्यांतले प्रमुख. सिर्का-लीसा कोन्टिनेन ही फिनलंडहून शिकायला आलेली तरुणीही त्यांच्यात होती. दुसऱ्याच वर्षी ही मंडळी राजधानी सोडून न्यूकॅसलला आली. कष्टकऱ्यांच्या जीवनाची चित्रे काढायची तर त्यांच्या वस्तीत राहूनच ती काढली पाहिजेत, असे त्यांचे मत होते. त्यांनी आपसांत एक करार केला. बाहेरची कामे करून ज्याला जे मिळेल ते एका सामाईक पेटीत टाकायचे, आणि त्यातून सर्वांनी सारखा पगार घ्यायचा. कॅमेरा धरणारा मोठा आणि वायरी उचलणारा लहान, असा भेद त्या पेटीजवळ नव्हता. आम्हांला विचाराल तर या मंडळाचा इतिहास त्या पेटीपासून सुरू होतो.

त्यांचे सुरुवातीचे चित्रपट लहान आहेत. ‘मेबी’ हा टाइन नदीवरच्या तरीच्या इंजिनवाल्याविषयी. १९७६ सालचा ‘लास्ट शिफ्ट’ हा स्वॉलवेल येथील बंद होऊ घातलेल्या विटांच्या कारखान्याविषयी. १९७७ सालचा ‘ग्लासवर्क्स’ हा लेमिंग्टनच्या काचकारखान्याविषयी. या चित्रपटांत भाषणे नाहीत. हात दिसतात, वस्तू घडताना दिसते, यंत्राचा आवाज ऐकू येतो. ज्याने स्वतः खात्यात उभे राहून काम केले आहे त्याला यातील मर्म तत्काळ कळते. कामगाराचे कौशल्य त्याच्या बोटांत असते. कारखाना बंद पडला की मालकाजवळ जमीन उरते, सावकाराजवळ कागद उरतो. त्या बोटांतली विद्या मात्र कोणाच्याही वहीत जमा होत नाही. अँबरच्या मंडळींनी ती पडद्यावर जमा करून ठेवली.

श्रीमती कोन्टिनेन यांनी काय केले ते पाहा. १९६९ साली त्या बायकर या कामगारवस्तीत राहावयास गेल्या. एकमेकींना लागून असलेल्या घरांच्या रांगा, उताराचे रस्ते, दारात बसलेल्या बाया, अशी ती वस्ती होती. नगरपालिकेने ती पाडून नवी वसाहत बांधण्याचे ठरवले होते. नव्या वसाहतीचे शिल्पकार राल्फ अर्स्किन यांचे नाव वास्तुकलेच्या पुस्तकांत मानाने घेतले जाते, आणि रहिवाशांना तेथेच ठेवावे असा त्यांचा हेतूही होता. तरी प्रत्यक्षात जुन्यांपैकी थोडीच माणसे तेथे टिकली; बाकीची पांगली. स्वतः कोन्टिनेन यांचे घरही पाडले गेले. तोवर त्या शेजारणींच्या घरांत, न्हाव्याच्या दुकानात, लग्नसमारंभात जाऊन चित्रे काढीत राहिल्या. १९८३ साली त्यांचे ‘बायकर’ हे पुस्तक आणि त्याच नावाचा चित्रपट आला. पुनर्विकासाचे नकाशे आपल्याकडेही रोज निघतात. नकाशावर माणूस दिसत नाही, तो या चित्रांत दिसतो.

आता दालनाकडे वळू. क्रिस किलिप हे छायाचित्रकार पहिल्या काही वर्षांत त्याचा कारभार पाहत. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या जगद्विख्यात फ्रेंच छायाचित्रकाराची चित्रे त्या भिंतींवर लागली, आणि त्याच भिंतींवर स्थानिक तरुणांची कामेही लागली. टिश मर्था हे त्यांतले एक नाव. ही मुलगी जवळच्या साउथ शील्ड्सला जन्मली आणि न्यूकॅसलच्या गरीब वस्तीत वाढली. १९७९ साली तिने लहान मुलांच्या गणवेषधारी बँडपथकांची चित्रे साइड गॅलरीत लावली. मुलांकडून करून घेतलेली ती लष्करी थाटाची कवाईत तिला आवडली नव्हती, आणि ते चित्रांत दिसत होते. पथकवाल्यांना ती चित्रे रुचली नाहीत. १९८१ साली तिने तरुणांच्या बेकारीवर प्रदर्शन मांडले. पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यात वेळ काढणारी मुले, कोचावर नुसती पडून राहिलेली मुले, सरकारी कागदावर जी केवळ संख्या होती ती येथे चेहऱ्यांनिशी उभी राहिली. मर्था २०१३ साली वारल्या. त्या चित्रांचे पुस्तक निघाले ते २०१७ साली, त्यांच्या मागे. ते पुस्तक निघण्याच्या छत्तीस वर्षे आधी ही चित्रे लोकांनी पाहिली, याचे श्रेय त्या लहान दालनाला दिले पाहिजे.

येथवर वाचकांना ही एका ध्येयवादी मंडळाची गोष्ट वाटेल. पण नुसत्या ध्येयावर वीस वर्षे चूल पेटत नाही. पुढचा भाग कामगार संघटनेचा आहे, आणि त्याचसाठी आम्ही हा विषय निवडला.

ब्रिटनमध्ये चित्रपट व दूरचित्रवाणीच्या तंत्रज्ञांची एसीटीटी नावाची बलाढ्य संघटना होती. १९३३ साली ती निघाली. चित्रपटावर किमान किती माणसे हवीत, कोणी कोणते काम करावे, दर काय असावा, हे सारे तिने मालकांशी भांडून ठरवून घेतले होते. या नियमांना नावे ठेवणारे पुष्कळ होते. आम्ही ठेवणार नाही. मुंबईच्या विणकरांना दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळायला लावण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९२८ साली केवढा संप झाला हे ज्याला ठाऊक आहे, त्याला माणसांच्या संख्येचा नियम का लागतो हे समजावून सांगावे लागत नाही. पण अँबरसारख्या मंडळाची अडचण खरी होती. चारपाच माणसे आळीपाळीने सर्व कामे करीत होती, वर्षानुवर्षे एकाच वस्तीत चित्रीकरण करीत होती, स्वतःच दालन व चित्रपटगृह चालवीत होती. संघटनेचा नियम अक्षरशः लावला असता तर त्यांचे चित्रपट दूरचित्रवाणीवर कधीच दाखवता आले नसते. मालकाला आवरण्यासाठी केलेला नियम येथे मालक नसलेल्या माणसांच्याच पायांत येत होता.

अशा वेळी संघटनेपुढे दोन सोपे मार्ग असतात. एक, नियम म्हणजे नियम असे म्हणून दार लावून घेणे. दुसरा, कलेची बाब आहे म्हणून डोळेझाक करणे. यातला दुसरा मार्ग अधिक घातक, कारण आज कलेसाठी उघडलेली फट उद्या ठेकेदार रुंद करतो. एसीटीटीने दोन्ही मार्ग टाळले. अँबरसह अनेक स्वतंत्र मंडळांनी वाटाघाटी करून १९८२ साली संघटनेकडून ‘वर्कशॉप डिक्लरेशन’ या नावाचा करार मिळवला. नवी निघालेली चॅनल फोर ही दूरचित्रवाणी वाहिनी आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट हेही त्यात सामील होते. सवलत मिळाली, पण अटींवर. मंडळ नफ्यासाठी चालता कामा नये. किमान चार पूर्णवेळ सभासद असावेत, आणि त्यांना ठरलेल्या दराने कायम पगार मिळावा. कामावर ताबा सभासदांचा असावा. चित्रपट काढणे, तो दाखवणे, नव्यांना शिकवणे, ही सारी एकाच कामाची अंगे मानावीत. म्हणजे अँबरने पेटीजवळ बसून आपसांत जे ठरवले होते, त्यातले बरेचसे आता संघटनेच्या शिक्क्याने देशभर लागू झाले. या कराराखाली कृष्णवर्णीयांची व आशियाई लोकांची मंडळेही उभी राहिली. लंडनच्या ‘रीटेक’ या आशियाई मंडळाने १९८४ साली काढलेल्या चित्रपटाचे नावच ‘मझधार’ आहे.

१९८२ हे साल आपल्याला निराळ्या कारणाने आठवते. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या कापडगिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. तो संप कसा संपला आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, हे येथे सांगायला नको. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांचे बोलणे २००४ साली ग्रंथरूपाने जतन केले, हे त्यांचे मोठेच काम आहे. पण आमच्या पाहण्यात जी छायाचित्रे आली त्यांत मोर्चे पुष्कळ, सभा पुष्कळ. साच्यावर उभा असलेला विणकर आणि खोलीत वीस जणांची खानावळ चालवणारी बाई यांची चित्रे मात्र फार थोडी. आम्ही संघटनेच्या लोकांनी ठराव जपले, जमाखर्च जपला, पुढाऱ्यांची भाषणे छापून काढली. ज्यांच्या वर्गणीवर ते सारे चालले त्यांची रोजची कामे टिपून ठेवावीत, हे आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर कधी आले नाही.

कराराची वर्षे अँबरला फळली. लाइनमथच्या किनाऱ्यावर समुद्राने आणून टाकलेला कोळसा वेचून जगणाऱ्या लोकांमध्ये त्यांनी राहण्याची गाडीच विकत घेऊन मुक्काम केला, आणि १९८५ साली ‘सीकोल’ हा चित्रपट केला. पुढे नॉर्थ शील्ड्सला त्यांनी एक गुत्ता आणि एक मासेमारीची बोटही घेतली; १९८९ सालचा ‘इन फेडिंग लाइट’ हा त्या कोळ्यांविषयीचा चित्रपट. ज्या किनाऱ्यावर तो कोळसा वेचला जाई, त्याच्या शेजारची एलिंग्टनची खाण २००५ साली बंद पडली, आणि त्या प्रदेशातल्या खोल खाणी संपल्या.

परंतु १९९० च्या सुमारास वाहिनीने हात आखडता घेतला आणि कराराखालची बहुतेक मंडळे बुडाली. अँबर तरले. मरे मार्टिन २००७ साली वारले, तरी काम थांबले नाही. २०११ साली कोन्टिनेन यांची छायाचित्रे व अँबरचे चित्रपट युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ योजनेच्या ब्रिटनमधील यादीत घेतले गेले. २०१६ साली दालन दुरुस्त होऊन नव्याने उघडले. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडच्या कला मंडळाने आपल्या कायम अनुदानाच्या यादीतून त्याला वगळल्यावर एप्रिल २०२३ मध्ये त्याचे दार बंद झाले. ज्या संग्रहाला राष्ट्राची स्मृती म्हणून गौरवले, त्याच्या दिवाबत्तीचा खर्च मात्र जड झाला.

यावर कोणी म्हणेल की लोकांच्या वर्गणीवर चालवावे, सरकारचे तोंड पाहू नये. आम्हांला हे पटत नाही. बंद पडलेल्या गावाची वर्गणी कितीशी येणार? ज्या कष्टकऱ्यांच्या करांतून मोठाली संग्रहालये पोसली जातात, त्यांच्या स्वतःच्या चित्रांसाठी चार खोल्या मागणे ही भीक नव्हे. मात्र ती मागणी जोराने करायची तर मागे संघटना हवी, आणि संघटनेला ते आपले काम वाटले पाहिजे. १९८२ साली एका संघटनेला ते वाटले, म्हणून बायकरच्या शेजारणी आणि लाइनमथचे कोळसा वेचणारे आज आपल्याला दिसतात.

आपल्याकडे अजूनही पुष्कळ कामे नाहीशी होण्याच्या वाटेवर आहेत, आणि ती करणारी माणसे हयात आहेत. युनियनच्या कचेरीत एक कपाट असते, एक भिंत असते, रविवारी मोकळी असलेली एक खोलीही असते. त्या भिंतीवर सभासदांची त्यांच्या कामावरची चित्रे लावावीत, आणि पहिल्या दिवशी ज्यांची चित्रे आहेत त्यांनाच बोलवावे. चित्र काढणाऱ्या पोराला त्याच्या दिवसाची मजुरी द्यावी, आणि ती रक्कम संघटनेच्या जमाखर्चात उघडपणे लिहावी.