शब्दवेध : मांसाहारी

मांस हाच ज्याचा आहार, तो मांसाहारी. वाघाला हा शब्द तंतोतंत लागू पडतो. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावात एखाद्या रविवारी मटण शिजणाऱ्या घराला मात्र नाही. तिथे आठवडाभर ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरणच असतं. मटणाच्या रश्शातही भाकरीच कुस्करतात. संस्कृतात 'आमिष' म्हणजे मांस. त्यावरूनच सामिष, निरामिष. मराठीत मात्र आमिष म्हणजे प्रलोभन. 'नॉनव्हेज'मध्ये तर नुसता नकार उरला. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातले जवळपास ६० टक्के लोक मांसाहारी होते. म्हणजे बहुसंख्यांची ओळख 'जे शाकाहारी नाहीत ते' अशी.

कुणी म्हणेल, अशी खूण नसेल तर मांस न खाणाऱ्याची फसगत होईल. खरं आहे, पण पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थाविषयी बोलतो, माणसाविषयी नाही. संत नामदेवांची नर्सीही याच हिंगोली जिल्ह्यातली. तुळशीची माळ घालून मांस सोडणारा तो 'माळकरी'; इथला हा शब्द माणसाने स्वतः घेतलेलं व्रत सांगतो. 'मांसाहारी' हा शिक्का दुसरेच मारतात आणि त्यावरून भाड्याचं घरही नाकारतात. 'तुम्ही नॉनव्हेज का?' असं विचारण्यापेक्षा 'मटण खाता का?' असं विचारावं.